आमच्या गाडीचं पाणी कोण पितं?

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला ते खरं वाटणार नाही. आमच्या मुख्याध्यापकांनाही वाटलं नव्हतं.

तर आमची गाडी. काटा पावणेतीन लाख किलोमीटरवर अडकला त्यालाही आता बराच काळ झाला, पुढचा हिशेब तिचा तिलाच माहीत. कागदोपत्री तिचा रंग चंदेरी आहे. मागचं उजवं दार आतून उघडत नाही. त्यामुळे पाहुणे उतरताना मी धावत जाऊन बाहेरून दार उघडतो आणि पाहुण्यांना वाटतं, केवढा हा मान! डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजतो, उजवीकडे वळताना दाबला तरी वाजत नाही. पण इंजिन! इंजिनाबद्दल मी कुणाचं ऐकून घेत नसे. चहाच्या टपरीवर उभा राहून मी त्या इंजिनाचं असं वर्णन करायचो की ऐकणारे गाडीकडे बघून पुन्हा माझ्याकडे बघायचे.

त्या हिवाळ्यात मात्र गाडी पाणी चोरायला लागली.

बोनेटखाली प्लॅस्टिकची एक पांढुरकी टाकी असते. तिच्यात हिरवं कुलंट असतं, इंजिनाला थंड ठेवणारं. टाकीवर दोन रेघा असतात, एक वरची आणि एक खालची. पाणी दोन रेघांच्या मध्ये असलं की माणसानं निवांत झोपावं. मी रात्री वरच्या रेघेपर्यंत भरून झोपायचो आणि सकाळी बघावं तर पाणी खालच्या रेघेवर येऊन बसलेलं. वाकून गाडीखाली बघावं तर फरशी लख्ख. एक थेंब नाही, एक डाग नाही.

मी दुर्लक्ष केलं. त्याची शिक्षा मोताळ्याहून एका लग्नावरून बुलडाण्याला परत येताना राजूर घाटात मिळाली. घाट अर्धा चढून झाला आणि बोनेटमधून वाफ निघाली. मी गाडी बाजूला घेतली, फडकं हाताला गुंडाळलं, रंगमंचावर पडदा उघडावा तसं बोनेट उघडलं आणि पांढऱ्या ढगात पूर्ण गायब झालो. ढग विरला तेव्हा समोर बायको उभी होती. अंगावर नवी साडी, हातात रिकामा कॅन. खालच्या वळणावरच्या हॉटेलातून पाणी आणायला ती दोनदा उतरली आणि दोनदा चढली. मी का गेलो नाही? कारण कोणीतरी गाडीजवळ थांबायला हवं होतं. हे मी तेव्हा तिला सांगितलंही. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

घरी पोचेपर्यंत ती बोलली नाही. घरी पोचल्यावर बोलली.

"आता आयका. दोन आठवड्यांनी रयवारी जळगाव जामोदले माह्या भावाची वास्तुशांती हाय. तुमच्या या गाडीनंच जाऊ. जाताना घाट उतराचा हाय, तवा काही होनार नाही. पन येताना चढाचा हाय. चढताना एकदा जरी उकळली, तं सोमवारी विकाची."

"कोणाला?"

"दादानं गिऱ्हाईक पाहून ठेवलं. मी शब्द देऊन बसली."

"मला न विचारता?"

"घाटात पान्याले मले विचारून धाडलं होतं का?"

माझ्या हातात चौदा दिवस होते.

दुसऱ्याच दिवशी शाळा सुटल्यावर मी मिस्त्रीकडे गेलो. चिखली रोडला त्याचं गॅरेज आहे. आमचा मिस्त्री बोलताना गाडीकडे बघतो आणि गाडी तपासताना माणसाकडे, त्यामुळे नक्की कोण आजारी आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. इंजिन सुरू ठेवून त्यानं आतबाहेर, वरखाली हात फिरवला.

"पानी कमी होते?"

"होतं."

"खाली टपकते?"

"एक थेंब नाही."

"पक्कं?"

"झोपायच्या आधी मी टॉर्च घेऊन पोटावर पडून बघतो. सकाळी चहाच्या आधी पुन्हा बघतो. फरशी लख्ख."

त्यानं चिंधीला हात पुसले. फार सावकाश पुसले. "मंग सर, खबर चांगली नाही. बाहेर येत नाही म्हंजे अंदर जाते. इंजनच पानी पेऊन राह्यलं. हेड गॅस्केट."

इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामध्ये एक पातळ पत्री असते, तिला हे लोक हेड गॅस्केट म्हणतात. ती गेली तर सगळं इंजिन उघडावं लागतं.

"मग उघड की."

"उघडतो. पन पावनेतीन लाखाचं इंजन हाय. उघडल्यावर आखीन काय काय निघीन, त्याची गॅरंटी मी देत नाही. कोनी दुसरा असता तं मी म्हटलं असतं, इकून टाका."

माझा चेहरा बघून त्याला दया आली असावी. "एक काम करा. रोज राती गाडीखाली पुठ्ठा हातरा. सकाळी पुठ्ठा वला निघाला तं समजा बाहेर गळती हाय, पाइप-बिइप असन, पाच मिनटाचं काम. कोरडा निघाला तं समजा खेळ खतम."

म्हणजे एका थेंबावर सगळं आलं होतं. माझ्या पुठ्ठ्यावर एक ओला थेंब पडला पाहिजे, एवढंच माझं आयुष्यातलं ध्येय उरलं.

पण संध्याकाळी पुठ्ठा शोधत अंगणात फिरत असताना शेजारचे काका कुंपणावरून डोकावले. काका निवृत्त एसटी ड्रायव्हर आहेत. निवृत्तीनंतरही खाकी शर्ट सुटलेला नाही. आमच्या गाडीचं काहीही दुखलं की ते बोलावण्याची वाट बघत नाहीत.

"मास्तर, पानी जाऊन राह्यलं ना? हयद टाका."

"हळद? कशावर?"

"कशावर म्हंजे? रेडिएटरमंदी! अवो, सातपुड्याच्या उतारावर आमची गाडी गळाले लागली का आमी काय मिस्त्री शोधत होतो का? हयद टाकाची. हयद जाते, भोकात बसते, फुगते. काम फत्ते. म्या एक गाडी हयदीवर चार महिने चालवली."

"किती टाकायची?"

"मूठभर."

काकांची मूठ म्हणजे लहानसा भोपळा. माझी मूठ वेगळी. विज्ञानाच्या माणसाला मूठ हे माप चालत नाही. मी अंदाज बांधला आणि दोन वाट्या हे प्रमाण निश्चित केलं. बायको भजनी मंडळात गेलेली. वरच्या फळीवर वर्षभराच्या हळदीची बरणी होती, तिच्या माहेरच्या शेतातली, तिच्या आईनं उभं राहून दळून घेतलेली. मी दोन वाट्या घेतल्या, बरणी हलवून वरची पातळी सारखी केली आणि काकांच्या साक्षीनं हळद गाडीला पाजली. टाकीतलं हिरवं पाणी पिवळंधमक झालं. काकांनी इंजिनावर हात ठेवला. "आता पाहा," ते म्हणाले.

मी पाहत होतो. पण काय पाहणार? पहिल्या रात्री टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवला. सकाळी पुठ्ठा नाही. गायब. दुसऱ्या रात्री मिक्सरचा पुठ्ठा. तोही गायब. तिसऱ्या रात्री पुठ्ठ्यावर वीट ठेवली. सकाळी वीट होती, पुठ्ठा नव्हता. वारा वीट उचलून पुठ्ठा नेऊन पुन्हा वीट ठेवत नाही, एवढं विज्ञान मला येत होतं. मी भंगारवाल्याला रस्त्यात अडवून जाब विचारला. तो म्हणाला, "सर, पुठ्ठ्यासाठी मी पाहाटे उठन का?"

"अगं, गाडीखालचा पुठ्ठा पाहिलास का?" मी बायकोला विचारलं.

"कायचा पुठ्ठा?" ती म्हणाली आणि एकदम छताकडे बघायला लागली. मीही बघितलं. छतावर काही नव्हतं.

पाणी कमी होतच होतं. मी रोज सकाळी टाकी भरत होतो. आणि त्याच दिवसांत घरात काहीतरी चमत्कारिक सुरू झालं. संध्याकाळी शाळेतून आलो की बायको मला दारातच उभं करायची आणि मीठ, मोहरी, लाल मिरच्या माझ्यावरून उतरवून चुलीत टाकायची. "शाळेत लय दमता," असं कारण. मिरचीच्या ठसक्यानं मी आणखी दमायचो. एका सकाळी बघतो तर गाडीच्या बंपरवर काजळाची तीट. दुसऱ्या दिवशी बोनेट उघडलं तर आत तारेला टोचलेलं लिंबू लटकतंय, पिवळंजर्द. मला भरून आलं. बाईनं गाडीला माफ केलं! घाटात दोनदा कॅन वाहिलेली बाई तिची दृष्ट काढते आहे! मी ठरवलं, आपणहून काही बोलायचं नाही. प्रेम बोलून दाखवलं की उतरतं.

एकच गोष्ट खटकली. शेजारच्या काकू, म्हणजे त्या एसटीवाल्या काकांची बायको, रोज आमच्याकडे कढीपत्ता न्यायला येतात. त्या दिवशीही आल्या.

"चार पानं दे वं बाई."

"झाड झोपलं," माझी बायको म्हणाली.

सकाळचे दहा वाजले होते. काकू झाडाकडे बघत राहिल्या. झाड टक्क जागं होतं.

दुसऱ्या आठवड्याचा बुधवार उजाडला तेव्हा मी हवालदिल होऊन पुन्हा मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बोनेट उघडलं, टाकीचं झाकण फिरवलं, आणि दोन पावलं मागं सरला.

"सर, हे गाडी हाय का कढी?"

मी सांगितलं. दोन वाट्या हे प्रमाणही सांगितलं.

"दोन वाट्या? अवो, शंभर मानसाचं पिठलं होते दोन वाट्यात! ते जाळी चोक झाली ना, तं घाट बी पाहा लागनार नाही, चौकातच उकळन. अन् हे लिंबू? कोशिंबीर बी कराची हाय का?"

"ते घरच्यांनी प्रेमानं..."

"बरं, पुठ्ठा वला निघाला का कोरडा?"

"पुठ्ठा गायब होतो."

"पुठ्ठा गायब होते?"

"रोज. वीट राहते."

त्यानं चिंधी खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे असं बघितलं की हेड गॅस्केट गाडीचं नसून माझंच गेलं असावं. "सर, शुक्रवारपोतर काहीतरी सांगा मले. नाही तं शनवारी मी हयद काहाडून साधं पानी भरून देतो, रयवारी देवाचं नाव घ्या, अन् सोमवारी इका."

मी ठरवलं, आता चोर पकडायचा. पुठ्ठा नेणारा जो कोणी असेल तो पहाटे येतो. शुक्रवारी पाच वाजता उठलो. डिसेंबर महिना, आमचं बुलडाणा डोंगरावर, थंडी अशी की दात आपापसात बोलत होते. मी माकडटोपी घातली, अंगावर सोलापुरी चादर घेतली, हातात टॉर्च आणि शाळेच्या नाटकातली लाकडी तलवार घेतली, कारण काठी सापडली नाही. पाठीमागच्या दारानं निघून, घराला वळसा घालून मी अंगणात आलो.

गाडीच्या पुढच्या चाकाशी कोणीतरी उकिडवं बसलं होतं. शेजारी बादली. ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटणं चालू होतं. मी एकदम टॉर्च लावला आणि गरजलो, "कोण आहे तिकडं?"

"अवो माय!" ती व्यक्ती किंचाळली आणि हातातलं ओलं फडकं तिनं माझ्या तोंडावर मारलं. नेम अचूक होता. माझी बायकोच.

"हे काय चाललंय?" मी फडकं बाजूला करत विचारलं.

"हळू बोला! आयकू जाईन." तिनं शेजारच्या घराकडे खूण केली. "बोलाचं नव्हतं, पन आता तुमीच पाह्यलं. आपल्या घरावर कोनीतरी करनी करून राह्यलं."

"काय?"

"रोज पाहाटे सडा टाकाले येतो मी, तं गाडीपुढं थेंब पडलेले. पयले हिरवट होते, मले वाटलं शेवाळ हाय, धुऊन टाकले. मंग पिवळे झाले. हळदीचे! दारासमोर! रोज! त्याच्यावर आखीन पुठ्ठा ठेवून जाते कोनी, पिवळे थेंब पडलेला. मी पुठ्ठे जाळले बंबात. अन् वर कहर आयका, आपल्याच बरनीतली हळद कमी झाली. आपलीच हळद नेऊन आपल्याच दारात! घरात येनारं-जानारं कोन हाय? कढीपत्त्याले कोन येते रोज? तुमाले सांगितलं नाही, तुमचं हार्ट—"

"थेंब?" मी म्हणालो.

"हाव, थेंब."

"रोज?"

"रोज."

"ओले थेंब? आपल्या गाडीखाली? रोज?"

"हाव म्हनतो ना!"

मी तलवार फेकली. बायकोचे दोन्ही ओले हात धरले आणि तिला फरशीवर गोल फिरवलं. "बाहेर गळतंय! बाहेर गळतंय! गॅस्केट शाबूत आहे!"

"लागली," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "यायलेच करनी लागली."

तिला पायरीवर बसवून मी सगळं सांगितलं. गाडी, पाणी, काका, हळद. आमची फरशी रोज सकाळी लख्ख कशी असते, हा प्रश्न लग्नाला सव्वीस वर्षं होऊनही मला पडलेला नव्हता हेही कबूल केलं. मी दिवसातून दोनदा पोटावर पडून पुरावा शोधत होतो आणि मधल्या वेळात ती तोच पुरावा बादलीभर पाण्यानं धुऊन टाकत होती.

तिनं फडकं बादलीत पिळलं. मग म्हणाली, "माह्या मायची हळद?"

"दोन वाट्या."

"गाडीत?"

पुढचा संवाद इथे देत नाही. त्यात माझ्या घराण्याचा उल्लेख फार आहे.

पण दहा वाजता, रजेचा अर्ज टाकून, मी तिला घेऊन मिस्त्रीकडे हजर झालो. कारण माझ्या लक्षात आलं होतं की या प्रकरणाचा एकमेव साक्षीदार तीच. मिस्त्रीनं स्टूल पुसून दिलं. त्यानं प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी बाजूला उभा राहून बघत राहिलो. असा मान त्यानं मला कधी दिला नव्हता.

"वहिनी, थेंब कोन्त्या बाजूले?"

"ड्रायव्हरच्या बाजूले. चाकाच्या पुढं, वीतभर."

"एकाच जागी?"

"दोन जागी, पन जवळजवळ. एक मोठा, एक बारीक."

"रोज सारखे?"

"नाही. ज्या दिवशी थंडी जास्त, त्या दिवशी जास्त. मंगळवारी आभाळ आलं होतं, थंडी नव्हती, तं दोनच थेंब. काल हात गोठत होते, तं ओंजळभर पानी. अन् राती झाडलोट करतो तवा कोरडं असते. पाहाटेच."

मिस्त्रीनं मांडीवर थाप मारली. "हे पाहा! हे म्हनतात सांगनं! सर, तुमी पंधरा दिवसात हे नाही सांगितलं." मग माझ्याकडे वळून, "सर, थंडीत रबर काय करते?"

"आकुंचन पावतं," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो.

"अन् गरम झालं का?"

"प्रसरण पा..." आणि माझी जीभ तिथंच थांबली. हे वाक्य न आल्याबद्दल मी किती पोरांना बाकावर उभं केलं असेल, त्यांचे चेहरे एकामागून एक डोळ्यांसमोरून गेले. सगळे हसत होते.

पाइपावरची क्लिप ढिली असणार. दिवसा इंजिन गरम, पाइप फुगलेला, फट बंद. पहाटेच्या थंडीत रबर आकसतं, ढिल्या क्लिपमधून पाणी झिरपतं. गाडी मिस्त्रीकडे येते ती गरम होऊनच. त्याला गळती दिसणार कशी?

"उद्या मी पाहाटे घरीच येतो," मिस्त्री म्हणाला. "वहिनी, उद्या सडा टाकू नका."

"उद्या शनवार हाय, देवाचा वार," बायको म्हणाली. सणवार नसला तरी सडा न टाकण्याची कल्पना तिला सोसवेना. शेवटी गाडी सोडून बाकीच्या अंगणात टाकायचा, अशी तडजोड झाली.

शनिवारी पहाटे मफलर गुंडाळून मिस्त्री स्कूटरवर आला. आवाजानं काका उठले, काकांमागे काकू. बायकोनं सगळ्यांना चहा दिला, काकूंना जरा जास्तच साखर घालून. मग मिस्त्री पाठीवर झोपून गाडीखाली गेला, मी पोटावर झोपून गेलो आणि बायको बाजूला उकिडवी बसून टॉर्च धरून राहिली. थंडीनं माझं पोट फरशीला चिकटलं. पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"तठी," बायको म्हणाली. "थोडं वर. चमकलं पाहा."

रेडिएटरच्या खालच्या जाड पाइपाच्या तोंडाशी एक पिवळा ठिपका होता. तो वाढला, लोंबला, जरा थांबला, आणि फरशीवर पडला. टप्प!

"आला!" आम्ही तिघंही ओरडलो. एका थेंबासाठी एवढा जल्लोष आमच्या गल्लीनं पाहिला नव्हता. समोरच्या घरातला दिवा लागला.

मिस्त्रीनं आत हात घातला आणि चाचपला. चाचपता चाचपता त्याचा चेहरा बदलला. "सर, अठी तं क्लिपच नाही. तार बांधेल हाय. कोनी बांधली हे?"

काका रिकामा कप तोंडाला लावून चहा पीत राहिले.

"काका?" मी म्हणालो.

"तीन साल झाले त्याले," काका कपातूनच बोलले. "तुमची क्लिप तुटली होती, तुमी शाळेत होते. म्या म्हटलं चला, शेजाऱ्याचं काम हाय. बाइंडिंग तार हाय, मजबूत. एसटीत अशी तार पाच-पाच साल टिकते!"

"अन् वरून हयद बी तुमीच सांगितली," मिस्त्री गाडीखालून म्हणाला. "काका, तुमी या गाडीले मारता का वाचवता, एकदा नक्की करा."

नवी क्लिप बसवायला खरंच पाच मिनिटं लागली. हळद धुवायला दोन तास. मिस्त्रीनं पाइप उघडून पाणी सोडलं, भरलं, पुन्हा सोडलं. पिवळा ओहोळ अंगणातून गल्लीत, गल्लीतून चौकाकडे निघाला. दूधवाला थांबून विचारून गेला, लग्न कोणाचं. बायको काकूंपाशी गेली, काहीही न सांगता कढीपत्त्याची अख्खी फांदी तोडून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "उद्या आमच्यासंग जळगाव जामोदले चाला. काकाले बी घ्या." काकूंना काय झालं ते आजतागायत माहीत नाही. कृपा करून त्यांना कोणी सांगू नये.

रविवारी आम्ही चौघं निघालो. घाट उतरलो, काही झालं नाही, कारण उतारावर काही होतच नसतं. वास्तुशांती झाली, जेवणं झाली. गिऱ्हाईक तिथंच हजर होतं, पांढऱ्या शर्टातला एक गृहस्थ. त्यानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, टायरला लाथ मारून बघितली आणि बायकोला विचारलं, "मंग उद्या येऊ का न्यायले?"

"घाट चढून पाहू द्या," ती म्हणाली. "मंग फोन करीन."

मला जेवण गेलं नाही. बासुंदी होती, तरी गेलं नाही.

चार वाजता परत निघालो. राजूर घाट सुरू झाला. बायको माझ्या शेजारी पुढं सरकून बसली होती आणि तिची नजर तापमानाच्या काट्यावर होती. काटा मधोमध. पहिलं वळण. हॉर्न आपोआप वाजला.

"थांबा अठी, पानी पाजा," मागून काका.

"गपा," काकू म्हणाल्या.

दुसरं वळण. पुढं ऊस लादलेला ट्रक, मुंगीच्या चालीनं. मी पहिल्या गिअरवर आलो. इंजिन घुरघुरायला लागलं. काटा केसभर वर सरकला. बायकोनं काचेवर बोट ठेवलं, जणू तिथून तो पुढं जाऊ नये म्हणून अडवत होती.

"कायचा तरी जळल्याचा वास येऊन राह्यला," काकू म्हणाल्या.

पुढच्या वळणावर पांढरी वाफ दिसली. दाट, थेट आमच्यासमोर. मी डोळे मिटणारच होतो, पण घाटात डोळे मिटत नाहीत. मी काट्याकडे पाहिलं. काटा मधोमध. वाफ पुढच्या ट्रकची होती. ट्रक कडेला थांबला आणि त्याचा ड्रायव्हर डबा घेऊन खाली उतरला. मी त्याच्या बाजूनं गाडी काढली. बायकोनं काच खाली केली आणि जाता जाता त्याला सांगितलं, "भाऊ, खालच्या पाइपची क्लिप पाहा!"

घाट संपला. बुलडाण्याची थंड हवा आत आली. मी मोठा श्वास सोडणार तेवढ्यात ती म्हणाली, "थांबवा."

मी गाडी कडेला घेतली. ती उतरली. मला बोलावलंही नाही. स्वतःच बोनेट उघडलं, टाकीतली पातळी बघितली, मग जमिनीवर गुडघा टेकून, नव्या साडीची पर्वा न करता, खालच्या पाइपाखाली तळहात धरला. बराच वेळ. तळहात बाहेर काढून उजेडात बघितला, मागं-पुढं. काकांना राहवेना, ते खिडकीतून म्हणाले, "तार बी चांगली होती."

मग तिनं पर्समधून फोन काढला.

"हालो, दादा? हाव, चढली. त्या मानसाले सांग, गाडी द्याची नाही." पलीकडून काहीतरी प्रश्न आला. "काऊन म्हंजे? काही खराब नाही तिच्यात. खालच्या पाइपची क्लिप होती. थंडीत रबर आकसते, गरमीत फुगते, म्हनून दिवसा कोनाले दिसत नाही." पलीकडून आणखी काहीतरी. तिनं बोनेट एका हातानं धाडकन लावलं. "राहू दे दादा, तुले नाही समजाचं."